लेमोनेडवाला खासदार

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या एका गावातल्या पबात खासदार क्लाइव्हनं लेमोनेड मागवलं की लोक तोंड फिरवायचे. आपल्याबरोबर बिअर न घेणाऱ्यावर भरवसा कोण ठेवणार? मग प्रचारसभेत त्यानं कबूल केलं, "मी दारुडा होतो. महत्प्रयासानं सोडली." तेव्हापासून तेच लोक उठून हात मिळवू लागले, स्वतःहून लेमोनेड पाजू लागले.

आज मेंढ्या कातरणारा डार्सी दोन लेमोनेड घेऊन आला.

"तुझं ऐकूनच सोडली बघ, मर्दा. आज चौथा दिवस. डोकं फुटायची वेळ आलीय, बायको सामान बांधून बसलीय. तू कसे काढलेस रे हे दिवस?"

क्लाइव्हनं ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. सगळा पब उत्तरासाठी त्याच्याकडे वळला होता, आणि क्लाइव्ह तर जन्मात दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता.