नॉनसेन्स

"नॉनसेन्स म्हणजे फालतू ना, मॅडम?" मयुराने विचारलं.

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरबाई हर्षितच्या जनुकांचा रिपोर्ट समजावून सांगत होत्या. सात वर्षांचं पोर, वर्षभरापासून चालता चालता पडत होतं. आजाराच्या नावापुढे लिहिलं होतं, नॉनसेन्स म्युटेशन.

"माह्या लेकराच्या बिमारीले फालतू कोण म्हणते?" तिचा आवाज चढला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, मुकुंदने, तिच्या हातावर हात ठेवला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "तसं नाही हो. शरीर पेशीतली अक्षरं वाचतं, तीन अक्षरांचा एक शब्द करून. शास्त्रज्ञांना काही शब्द असे सापडले, की त्यांचा अर्थच लागेना. म्हणून नाव दिलं नॉनसेन्स, निरर्थक. पुढे कळलं, अर्थ होता. 'इथे थांबा.' पण नाव पडलं ते पडलंच."

"मंग हर्षितच्या अंगात?"

"स्नायूंना बळ देणारा मजकूर वाचताना मध्येच तो शब्द आलाय. नको त्या जागी. शरीर तिथेच थांबतं."

मयुरा कागदाकडे पाहत राहिली. "त्याले पुढं वाच म्हणून सांगता नाही येत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शोध चालू आहेत. झीज थोडी लांबवता येते, ते हृदयाची तपासणी झाली की पुढच्या खेपेला ठरवू. पण बरं करणारं औषध माझ्याजवळ नाही."

दोघं जिना उतरले. खाली मुकुंदचे वडील, कवडूबाबा, नातवाला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. सकाळच्या उमरेडच्या गाडीने सगळे आले होते.

"काय गा, सापडलं का बिमारीचं नाव?"

"सापडलं, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला. "मंग झालं तं! नावच भेटत नव्हतं म्हणून सारं अडून होतं." हर्षितला खांद्यावर घेऊन ते तडक दवाखान्याच्या औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले. पोरगं वरून हसत होतं.

मुकुंद त्यांच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला. त्याने मयुराकडे पाहिलं, ती दुसरीकडे पाहत होती.

"चिठ्ठी आण वं, सूनबाई," कवडूबाबांनी रांगेतून हात लांब केला. "आपला नंबर येऊन राहिला."