शेवटच्या संध्याकाळची रेघ

डॉ. कोठेकरांनी लाल दिव्याचा ठिपका पडद्यावरच्या आलेखाच्या अगदी टोकाशी नेऊन टेकवला. मोहिनीला भीती होती ती नेमकी हीच जागा!

"ही शेवटच्या तारखेची संध्याकाळ. जू उतरवलंय, बैल गोठ्यात आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग अर्धा तास खांद्यावर भार कसला?"

इतका वेळ इंग्रजीत बोलणारे कोठेकर वैतागून मराठीवर आले होते. मुंबईहून रात्रभर रेल्वेत बसून ते वर्ध्याच्या या इंजिनिअरिंग परिषदेला परीक्षक म्हणून आले, आणि सकाळपासून चौदा पेपर ऐकून त्यांची मान आखडली होती. सारखी चोळत होते.

मोहिनीचा पेपर बैलाच्या खांद्याला कमी काचणाऱ्या, रबरी गादीच्या जुवावर होता. गेल्या वर्षी अख्खा हंगाम तिने घरच्या बैलाच्या खांद्यावर सेन्सरचा पट्टा बांधून भार मोजला होता. दोन परिषदांनी पेपर परत पाठवला. ही तिसरी. इथे स्वीकारला तरच एम.टेक.चा प्रबंध जमा होणार, नाहीतर वर्ष गेलं. गाइड म्हणाले होते, ती शेवटची संध्याकाळ उडवून टाक, कोण बघतंय? पण मोजलेलं खोडायचं कसं, म्हणून या शहाण्या मुलीने ती तशीच ठेवली.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

"जू नसताना पट्टा भार दाखवतो, तर बाकीच्या दिवसांवर तरी विश्वास का ठेवायचा?" कोठेकरांनी पेनाचं टोपण काढलं.

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. मोहिनीचे आजोबा, नानाजी, उभे राहिले होते. नमुन्याचं जू खांद्यावर टाकून ते सकाळच्या एसटीने नाचणगावहून आले होते. गळ्यात परिषदेचं कार्ड, हातातल्या पिशवीत बैलांच्या शिंगांना लावायचं बेगड. दुसऱ्या दिवशी पोळा. परिषदेच्या तारखा ठरवताना कोणी कॅलेंडर पाहिलं नसावं. आतापर्यंतचं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं, पण हा प्रश्न बरोबर कळला.

"साहेब, तिले काऊन रागावता? तो भार माहा हाये."

"तुमचा?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी राह्यते ना आमच्याकडं. बैलाच्या खांद्याले गरम तूप-हळद चोळाची, कानात जेवाचं आवतन द्याचं. अन् हे पोरगी होस्टेलवरून बजावून राह्यली, मी येईपर्यंत पट्टा काढू नका म्हून. आता खांदा शेकल्याबिगर बैल कसा ठेवू? मंग पट्ट्यावरूनच चोळलं."

मोहिनीने कपाळावर हात मारला. तिच्या वहीतल्या तारखा सगळ्या इंग्रजी होत्या, त्यात पोळा कुठे दिसणार? "नानाजी, मले सांगतलं काऊन नाई?"

"तू रागावली असती. म्हून पट्टा साबणानं पुसून ठेवला."

हशा पिकला. कोठेकर मात्र हसले नाहीत. "आजोबा, हे ऐकायला छान आहे. पण पुरावा लागतो."

"पट्टा इथेच आहे सर," मोहिनी घाईने म्हणाली. "आत्ता मोजून दाखवते."

"आणि बैल?"

नानाजी रांगांमधून पुढे आले. त्यांनी जाणत्या नजरेने कोठेकरांच्या मानेकडे पाहिलं. "बैल कायले पाह्यजे? तुमचाच खांदा सकाळपासून आखडून हाये."

कोठेकरांचा मान चोळणारा हात थांबला. मग कोठेकरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. मोहिनीने त्यांच्या खांद्यावर पट्टा बांधला आणि वायर लॅपटॉपला जोडली. नानाजींनी तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मानेपासून खाली तीन हलके हात, मग एक जोराचा दाब. पुन्हा तीन, पुन्हा एक.

पडद्यावर नवी रेघ चालू लागली. तीन बुटक्या लाटा, एक उंच. तीन बुटक्या, एक उंच. तिच्या वर गेल्या वर्षीची रेघ होती, तीही तशीच. समजावून सांगायला काही उरलंच नाही. वेळेची घंटा वाजवणारी मुलगी घंटा वाजवायची विसरली. मोहिनीला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"नुसत्या हाताचा दाब ओळखतो म्हणजे पट्टा चांगलाच आहे," कोठेकर डोळे मिटून म्हणाले. "पेपर स्वीकारला. लिहून घ्या." मग जरा थांबून, "थोडं डावीकडे घ्या, आजोबा."

नानाजींनी डावीकडेही घेतलं. काम झालं तशी त्यांनी खांद्यावर थाप मारली आणि हाताच्या सवयीने तोंडही चाललं. ते कोठेकरांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सगळं सभागृह खदखदून हसलं. मोहिनीने ओढणीत तोंड लपवलं. नानाजींनी जीभ चावली.

कोठेकर मान इकडून तिकडे फिरवून पाहत होते. फिरत होती. "आलो असतो हो," ते म्हणाले, "पण उद्या मला अजून सोळा पेपर ऐकायचेत."

"उद्या?" नानाजींना ते काही पटेना. "उद्या पोळा हाये, साहेब. उद्या कोनालेच जुंपत नसते."