सोमवारचं ऑपरेशन

"अंगठा द्या, नाहीतर सोमवारचं ऑपरेशन विसरा," तो माणूस म्हणाला आणि त्यानं हातातलं मशीन गोमतीबाईपुढं धरलं.

मेडशीच्या अलीकडच्या त्या वस्तीत म्हातारी माणसं आणि बाळंतपणाला थांबलेली शीला, एवढीच उरली होती. बाकीची सगळी ऊसतोडीला गेलेली. त्यानं दिवस बरोबर निवडला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर त्याचाच फोटो. आरोग्यविम्याच्या कंपनीतून आलोय म्हणाला. सगळ्यांची कार्डं बंद पडणार, आजच्या आज चालू करून घ्या म्हणाला. गोमतीबाईचा नवरा किशन अकोल्याच्या दवाखान्यात भरती आहे आणि सोमवारी त्याचं हृदयाचं ऑपरेशन त्याच कार्डावर होणार आहे, हेही त्याला ठाऊक होतं. कुठून ठाऊक, ते त्यानं सांगितलं नाही.

गोमतीबाईनं सवयीनं अंगठा डोक्यावरून घासला. रेशनच्या दुकानात सगळे तसंच करतात. ऊस तोडून, निंदण करून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या. केसांतलं तेल लागलं की मशीन अंगठा पकडतं. आता तर नुसतं मशीन दिसलं तरी वस्तीतल्या माणसाचा हात आपोआप डोक्यावर जातो. तिनं अंगठा काचेपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. हे मशीन तिच्या ओळखीचं होतं. किशनच्या औषधाला बँकेतले पैसे काढले, तेव्हा मेडशीच्या दुकानात तिनं अशाच लाल उजेडावर अंगठा ठेवला होता.

"हे तं पैशे काढाची मशीन हाये," ती म्हणाली.

"मशिनी सगळ्या सारख्याच असतात, मावशी. पटकन करा."

"अन् कार्ड बंद पडलं म्हनून तुले कोनं सांगतलं? दवाखान्यात तं चालू हाये म्हने."

"मी तुम्हाला विचारायला आलोय की तुम्ही मला?" त्याचा आवाज चढला. "ठीक आहे, राहू द्या. नवऱ्याला उद्या पलंगावरून खाली उतरवतील, तेव्हा माझ्या नावानं रडू नका."

गोमतीबाईची पाचावर धारण बसली. किशनजवळ बसलेल्या दिराचा फोन सकाळपासून बंद येत होता. विचारणार कोणाला? माणूस खरा असला तर किशन गेला. खोटा असला तर ऑपरेशननंतरच्या औषधांसाठी ठेवलेला पैसा गेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा बाबा मशीन धरून उभा.

"काकू, देऊन टाक ना वं अंगठा!" शीला ओरडली. "मी देल्ला, मले काय झालं? तुह्या हट्टापायी तो माह्यं बी कार्ड बंद करन."

"नवऱ्याच्या जीवापेक्षा हिचा अंगठा मोठा," ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली. दुसरीनं मान डोलावली. आयुष्यभर एका विहिरीचं पाणी प्यालेल्या बाया, पण कालपरवा जन्मलेल्या ओळखपत्रावर त्यांचा जास्त भरवसा. गोमतीबाईला त्यांचा असा राग आला की भीतीसुद्धा बाजूला सरली.

तिनं पदर खोचला, त्याच्या मोटारसायकलजवळ गेली आणि पाय टाकून मागच्या सीटवर बसली.

"चाल. अकोल्याले चाल. डागदरपुढं दहाचे दहा बोटं देईन."

"ए म्हातारे, उतर खाली." मावशीची म्हातारी व्हायला एवढाच वेळ लागला.

"काहून? दवाखाना तं तुमच्याच कंपनीच्या कार्डावर चालते ना?"

"मला अजून दोन गावं करायची आहेत."

"करू ना. मी बी संगं येतो. घाई कोनाले हाये?"

त्यानं तिचा दंड धरून ओढलं. हातातल्या दोन बांगड्या फुटल्या, मनगटावर रक्त आलं. गोमतीबाईनं गाडीचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "अजून ओढ. मी मेलो तरी सोडत नाई."

ओट्यावरच्या म्हाताऱ्या आता उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. मशीन पिशवीत टाकलं.

"साहेबांना फोन लावतो. इथं रेंज नाही."

तो रस्त्याकडे चालू लागला, सावकाश, एखादा अधिकारी पाहणी करत जावा तसा. तुरीच्या शेताच्या टोकापर्यंत तसाच गेला. तिथून मात्र त्यानं धूम ठोकली. वळून एकदाही पाहिलं नाही. गाडी वस्तीतच सोडली. ती तरी त्याची कशावरून?

मग गोमतीबाईला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"चोर होता वं माय! चोरच होता! म्हंजे कार्ड चालू हाये. म्हंजे सोमवारी होते त्याईचं ऑपरेशन!"

चोर चोर निघाला म्हणून इतका आनंद त्या वस्तीत कधी कोणाला झाला नसेल. तिला गाडीवरून उतरून शीलाला कवटाळावंसं वाटलं.

शीला होती तिथंच उभी होती. एक हात पोटावर, दुसऱ्याचा अंगठा डोळ्यांसमोर धरलेला.

"काकू," ती म्हणाली, "अंगठा उठला नाई, उठला नाई म्हने तो. मी तं तीनदा देल्ला."