आतून कडी

लग्नानंतर आठवड्याभरात ट्रेव्हरने घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. "नवरा-बायकोत लपवायचं काय?" नऊ वर्षांनी डॅफ्नीने पबमध्ये त्याच्या दोस्तांदेखत वाढदिवसाला अजगर मागितला, आणि सापांची भीती वाटते हे काही चारचौघांत त्याच्या तोंडून निघेना.

ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टन शहराबाहेर अजगर पाळून विकणारा म्हातारा मर्व्ह तिच्यापुढे एकेक पेटी उघडत होता. ट्रेव्हर लांब गाडीजवळच थांबला.

"हा नक्षीचा घे, पोरी. अगदी गरीब गाय आहे."

"गरीब असू दे, पण दिसायला नको. बघूनच धडकी भरेल असा दाखवा."

मर्व्हने काळ्याकुट्ट डोक्याचा अजगर काढला. तो असा फुत्कारला की तिकडे ट्रेव्हर दोन पावलं मागे सरला.

"नुसता आवाज आहे, चावत-बिवत नाही," मर्व्ह म्हणाला.

"ते त्याला सांगू नका," डॅफ्नी हळूच म्हणाली. "आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही."

मर्व्हने अजगर पेटीत ठेवला. मग गाडीकडे तोंड करून ओरडला, "ट्रेव्हर, ह्याच्या खोलीला आतून कडी लाव बाबा. बायकोने ह्याला बाहेर काढलेलं असताना तू दार उघडलंस, तर थेट तुझ्या पायात येईल."



संध्याकाळच्या आत ट्रेव्हरने कडी बसवली, डॅफ्नीला आतून ती लावायला सांगितली, आणि बाहेरून दोनदा खांद्याने दार ढकलून खात्री करून घेतली, की ते उघडत नाही.