तपासून पाठवलेली लिंक

"एकाही मुलीचा दाखला चढत नाहीये," वसतिगृहाचे चिटणीस दाबकेकाका फोनवर म्हणाले. "पाचला मुदत संपतेय. वेबसाइट तुझी, तेव्हा तूच बघ."

हर्षलाने क्लाउड उघडला. प्रत्येक मुलीसाठी वेगळी लिंक बनवून तिने काकांकडे दिली होती. एकदा फाइल थेट क्लाउडवर गेली की ती लिंक बंद, म्हणजे मागून कुणी शिरायला नको. मुलींच्या नावांच्या त्रेचाळीस कप्प्यांत त्रेचाळीस फाइली होत्या. सगळीकडे काकांचाच फोटो, फेट्यासकट.

"काका, लिंका तुम्ही वापरल्यात?"

"वापरीन कशाला? एकेक चालते का ते बघून मगच पुढे पाठवली. लोकांच्या लेकींना न तपासता देऊ होय?"

हर्षलाने कपाळाला हात लावला. साडेतीन वाजले होते. तिने त्रेचाळीस नव्या लिंका मुलींना परस्पर धाडल्या आणि काका पुन्हा मध्ये पडू नयेत म्हणून एक खास त्यांना, तपासायला.

थोड्या वेळाने फोन वाजला. "मुलींचे दाखले चढले गं. पण माझी तेवढी बंद आहे."

"कशी असेल? पाठवण्याआधी मी स्वतः फाइल चढवून पाहिली," हर्षला म्हणाली, आणि नवी लिंक बनवायला बसली, या वेळी न तपासता.