चौदा तास

ओब्दुलियाने टीव्हीखालच्या डब्यावर हात ठेवला. डबा कोमट होता.

"झोपेतही अंग गरम आहे बिचाऱ्याचं," ती म्हणाली.

"झोपलाय कुठे? सोंग घेतलंय." विल्फ्रेदोने त्याचा प्लग उपटला. "बंद दिसतो आणि गुपचूप वीज पितो. असे आणखी किती पोसलेस गं आई?"

भिंतीवरच्या बॅटरीचा आकडा नऊवरून दहावर गेला. आत्ता चालू आहे तेवढंच चालू राहिलं, तर साठवलेली वीज दहा तास पुरणार होती. हवे होते चौदा. पोर्तो रिकोच्या या डोंगरात संध्याकाळी सहाला ऊन जायचं, ते छपरावरच्या पॅनेलवर सकाळी आठला परत यायचं. गावातली वीज आली तर आली. तेवढी रात्र तिच्या नवऱ्याचं, फेर्मीनचं श्वासाचं यंत्र चाललं पाहिजे, नाहीतर शनिवारच्या विमानाने म्हातारा-म्हातारी मुलाबरोबर ऑर्लँडोला जाणार, असं ठरलं होतं. ओब्दुलियाला जायचं नव्हतं.

"तिकडे दुपारी झोपत नाहीत म्हणे. मग करतात काय?"

"काम करतात, आई."

"अरेरे."

कॉफीच्या झाडांमधून ढग वर चढून व्हरांड्यात आला होता. बेडूक संध्याकाळ झाली समजून ओरडू लागले होते. अशा दुपारी घर थोडं जमिनीवरून सुटल्यासारखं वाटतं. दोघं मायलेक हळू आवाजात बोलत खोलीमागून खोली फिरत होते. ओव्हनवरचं घड्याळ, प्रिंटर, गाण्यांचा खोका, कुणाच्याच फोनला न लावलेले चार्जर. विल्फ्रेदो प्लग काढायचा, ओब्दुलिया त्या त्या वस्तूला हलकेच थोपटायची आणि पुढे जायची.

आकडा साडेबारावर येऊन थांबला. घर इतकं शांत झालं की आतल्या खोलीतल्या यंत्राचा श्वास बाहेर ऐकू येऊ लागला.

"अजून कुणीतरी पितंय," विल्फ्रेदो म्हणाला.

ओब्दुलियाने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. कोण पितंय ते तिला ठाऊक होतं.

आतल्या खोलीत खिडक्या लावून फेर्मीन नाकावर यंत्राचा मुखवटा चढवून दुपारची झोप घेत होता. पलंगाच्या पायथ्याशी कोनाड्यात मेरीमाता होती आणि तिच्यापुढे विजेची मेणबत्ती. मोठ्या वादळाच्या वर्षी फेर्मीन मरता मरता वाचला, तेव्हा ओब्दुलिया नवस बोलली होती: हा श्वास घेतोय तोवर तुझ्यापुढचा दिवा विझणार नाही. मेणाचा धूर त्याच्या छातीला सोसत नसे, म्हणून विजेची.

विल्फ्रेदोने वाकून मेणबत्तीच्या बुडाशी छापलेला आकडा वाचला आणि मनाशी हिशेब केला. "ही काढली तर पंधरा तास होतील."

"मग काढ."

दुपारभर प्लग उपटत फिरलेल्या विल्फ्रेदोने हात खिशात घातले. "मी नाही हात लावणार."

"का रे शहाण्या? तुझा तर विश्वास नाही."

"नाहीच आहे. पण नाही लावणार."

ओब्दुलिया कोनाड्यापुढे उभी राहिली. तिला भीती वाटत होती. "बाई, तूही संसार केलास," ती पुटपुटली. "रागवायचं तर माझ्यावर रागव, त्याच्यावर नको." मग तिने डोळे मिटले आणि प्लग ओढला.

खोली अंधारली. बॅटरीवर पंधराचा आकडा आला असेल, पण तो पाहायला कुणी बाहेर गेलं नाही. दोघं फेर्मीनच्या छातीकडे बघत राहिले. छाती वर आली. खाली गेली. जरा थांबली. पुन्हा वर आली.

फेर्मीनने डोळे न उघडता मुखवटा बाजूला सरकवला.

"दिवा विझवलास एकदाचा? सहा वर्षं सरळ डोळ्यांवर यायचा."

ओब्दुलिया मटकन पलंगावर बसली. "मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू लावला होतास ना," तो म्हणाला, आणि मुखवटा नीट करून कुशीवर वळला.