रुक्माबाईची साक्ष

"माय, हे पोरगी कोणाची व?" उकंडानं चुलीपुढं बसलेल्या स्वतःच्या बायकोकडं बोट करून विचारलं.

इंदूच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. रुक्माबाई हलली नाही.

"तुह्या सासऱ्याची," ती पोराला म्हणाली. "जेव गुमान."

तो पोटभर जेवला, वरून ठेचा मागितला. डोक्यातलं सारं गेलं म्हणणाऱ्याला ठेचा मात्र बरोबर आठवतो, हे रुक्माबाईनं मनात टिपून ठेवलं.

आर्णीच्या जिनात कापसाची गठाण थप्पीवरून घसरली आणि उकंडाच्या डोक्यावर आली, हे खोटं नव्हतं. यवतमाळच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडला होता, तेव्हा तीच उशाशी बसली होती. हाड सांधलं, टाके सुकले. पण शुद्धीवर आल्यापासून त्याचं विसरणं मोठं सोयीचं होतं. लहानपणच्या बैलांची नावं तोंडपाठ, मेलेल्या बापाच्या शिव्या तोंडपाठ. परवाच्या सालचं लग्न तेवढं आठवत नाही. जिन आठवत नाही, जिनाचा मुकादम आठवत नाही.

पोराची याददाश्त गेली म्हणून युनियनच्या देवरावनं जिनवाल्यावर भरपाईचा दावा लावला होता.

"मेंदूले मार बसला का असं होते, रुक्मामाय. डॉक्टरच म्हणते."

"डॉक्टर काय त्याच्या डोक्यात उतरून पाहून आला?"

"मंग तो खोटं कायले बोलीन?"

कायले, ते रुक्माबाईला ठाऊक होतं. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्याला आता चौथं वर्ष, तेव्हापासून तिचा पोरगा कोणापुढं वाकला नव्हता. मुकादमानं 'ए उकंड्या' म्हटलं की ओ द्यायचा नाही. 'नाव नीट घ्या' म्हणून ताठ उभा राहायचा. गठाण पडायच्या थोडे दिवस आधी मुकादमानं त्याला सर्वांदेखत आईवरून शिवी दिली होती. घरी येऊन तो म्हणाला होता, "या जिनवाल्याकून एक दिवस वसूल करीन, माय."

आता वसूल करून राह्यला, दुसरं काय!

ती पाळत ठेवू लागली. तो लाकडं फोडायचा, एक घाव वाया जायचा नाही. इंदू जवळ गेली की अंग चोरायचा.

"आत्याबाई, ते माह्याशी परक्यावाणी वागते," इंदू रडकुंडीला आली.

"सोंग घेतलं का पुरतं घ्या लागते, बाई. तू कायले रडतं?"

एका दुपारी ती शेतावरून लवकर आली. उकंडा घरात एकटाच, भिंतीतल्या कोनाड्यापुढं उभा. आत हात घालून चाचपत होता. दीक्षेनंतर त्यानंच त्या कोनाड्यातले देव उचलून नदीत सोडले होते. तेव्हापासून तिथं रुक्माबाईची तंबाखूची चंची असायची.

"काय शोधून राह्यला रे?"

तो दचकला. तिच्याकडं पाहिलं, कोनाड्याकडं पाहिलं.

"काही नाही," म्हणाला आणि खाली मान घालून बाहेर गेला.

चोट्टा! रुक्माबाईनं चंची कमरेला खोचली. माय कोणती वस्तू कुठं ठेवते, तेही आठवते याले.

सुनावणीला यवतमाळला जाताना एसटीत देवराव तिच्या कानाशी लागला. "साहेब तुमाले विचारन. एवढंच सांगजा का पोराले काही आठवत नाही. निकाल आपलाच."

"जे आहे ते सांगीन."

खोटं बोलणार नाही, असं तिनं नागपूरच्या मैदानात पोराच्या शेजारी उभं राहून, हात जोडून म्हटलं होतं. ते काय गर्दीत कोणाले ऐकू गेलं नाही म्हणून सोडून द्याचं?

उकंडा आणि इंदू बाहेर व्हरांड्यात थांबले. आत जिनाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "आजी, पोटचा पोरगा आहे. तुम्हाला काय वाटतं? खरंच सगळं विसरला?"

देवराव खाकरला.

"नाही," रुक्माबाई म्हणाली. "साहेब, त्याले सारं आठवते. सोंग करून राह्यला तो. आमी गरीब आहो, पण माह्या घरात खोट्याची भाकर शिजत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "जन्मदाती आई सांगते, तर मला दुसरा पुरावा नको. दावा नामंजूर."

"घर बुडवलं, माय!" देवराव दाराशीच खाली बसला.

"घर नाही बुडवलं. नाव वाचवलं."

पदर सारखा करून ती ताठ मानेनं बाहेर आली. व्हरांड्यातलं बाकडं रिकामं होतं, उकंडा खांबाला टेकून उन्हात उभा होता. चपराशी आल्यागेल्याला पाणी देत होता. इंदूनं गिलास रिकामा करून परत दिला. त्यानं तो भरून उकंडापुढं धरला.

"घ्या भाऊ, ऊन लई आहे."

उकंडा मागं सरकला. घाईघाईनं पायऱ्या उतरला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खाली मातीत उकिडवा बसला. मग मान वाकवून त्यानं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि वरून पाणी ओतायची वाट पाहत राहिला.